उद्या राज्य बदलणार, आज चौकट विकायची

हैदराबादेत फीव्हर हॉस्पिटलच्या चौकात सिग्नल सुटतो, दुचाक्यांचा लोंढा अंगावर येतो आणि तुम्ही घाईघाईनं कडेला पाय टाकता. पाय पडतो तो भुशात. प्लायवुडच्या दुकानांच्या पाट्या, औषधांची दुकानं, डोक्यावरचं केबलींचं जाळं, काहीच दिसत नाही. समोर तट्ट्यांचं कुंपण, आत उभेआडवे रचलेले ओंडके, आणि नाकात ताज्या कापलेल्या सागाचा कडवट, चामड्यासारखा वास. दवाखाना मात्र जागच्या जागी आहे. त्याला इथं सगळे ‘कोरंटी दवाखाना’ म्हणतात. वारा फिरला की फिनाइलचा भपकारा वखारीपर्यंत येतो.

खांबावर टांगलेल्या कॅलेंडरात बुधवार, ३१ ऑक्टोबर १९५६. परवा लक्ष्मीपूजन. आणि उद्यापासून हैदराबाद नावाचं राज्य नाही.

(ही वखार कुठल्या दप्तरात शोधू नका. ती, तिचा मालक आणि आज दिवसभरात तुम्हाला भेटणारी माणसं मी रचलेली आहेत. त्यांच्या भोवतीनं जे घडतंय ते रचलेलं नाही.)

तुम्ही इथले विक्रीचे माणूस. मालक मूळचे नांदेडकडचे, छोट्या लाइनच्या गाडीनं काचीगुड्याला उतरलेले आणि तिथून मैलभरापलीकडे नल्लकुंट्यात वखार टाकून बसलेले. गादीवर मुनीम मोडीत जमाखर्च मांडतोय. त्यातलं एक अक्षर तुम्हाला लागत नाही, पण त्यानं अडत नाही. तुमचं काम गादीवर नाहीच. तुमचं काम फाटकात. गिऱ्हाईक आत आलं की ते कोणत्या भाषेत घासाघीस करणार हे त्याच्या चपलांवरून ओळखायचं, घर कुठवर आलंय ते विचारायचं, आणि पैसे कुठून येणार ते न विचारता काढून घ्यायचं. मालकाशी मराठी, घरमालकाशी तेलुगू, मिस्त्रीशी दखनी, सिमेंटच्या परमिटाच्या अर्जाला इंग्रजी.

सकाळी पहिलं काम ओंडका मोजण्याचं. रात्री एक गाडा उतरलाय. तुम्ही सुतळी घेता, ओंडक्याच्या बरोबर मध्यावर वेढा घालता, गाठीची जागा चिमटीत धरून सुतळी सोडवता आणि तिची चौपदरी घडी करून फूटपट्टीवर धरता. वेढा ४८ इंच, घडी १२ इंच. बाराला बारानं गुणा, लांबीच्या १२ फुटांनी गुणा, १४४ नं भागा. बारा घनफूट. शाळेत शिकलेलं वर्तुळाचं क्षेत्रफळ तुमच्या डोक्यात ओरडतं, की हे चुकतंय, यात सव्वापंधरा घनफूट आहे! बरोबर आहे. शेकडा साडेएकवीस कुठं गेले? ते सालीत, वरच्या पांढऱ्या लाकडात आणि करवतीच्या फटीत गेले, असं धरलंय. गोल लाकडातून चौकोनी माल काढताना जाणार ते आधीच हिशेबातून वजा. इंग्लंडात हॉपस नावाच्या माणसानं १७३६ मध्ये या मापाची कोष्टकं छापली, तेव्हापासून जगभरातले कित्येक लाकूडवाले याच सुतळीवर जगले. व्यापाऱ्याची खुबी पुढं आहे. वजा केलेलं लाकूड वाया थोडंच जातं? कडेची फळकुटं जळणाला जातात, भुसा शेगड्यांना. कोरंटीच्या आसपासच्या निम्म्या घरांत संध्याकाळी भुशाची शेगडी पेटते, आणि तो भुसा तुमचा.

सुतळी कुठं धरायची यात सगळं इमान आहे. बुडख्याकडं चार बोटं सरकली की घेणारा बुडाला, शेंड्याकडं सरकली की विकणारा. मालकांनी तुम्हाला कामावर ठेवताना एवढंच पाहिलंय.

आता हा साग आला कुठून, ते समजून घ्या, कारण आजचा सगळा घोळ त्यातच आहे. लढाईआधी हैदराबादच्या बड्या हवेल्यांना बर्माचा साग लागायचा, सरळ रेषांचा, गाठ नसलेला. १९४२ मध्ये जपान्यांनी बर्मा घेतला आणि तो ओघ आटला. मग भाव आला जवळच्या सागाला: वर्धा आणि प्राणहिता नद्यांच्या दोन्ही तीरांवरच्या जंगलाचा, रेषा जरा वेड्यावाकड्या पण रंग गडद आणि तेल भरपूर. या जंगलातून काझीपेठ–बल्लारशा लाइन जाते. १९२९ च्या सुमारास ती जोडली गेली तेव्हा दिल्ली आणि मद्रास सरळ रेषेत आले, आणि त्याबरोबर बल्लारपूरचा साग रुळावरून थेट सिकंदराबादेत यायला लागला.

जंगल एक, सरकारं मात्र दोन. अलीकडचा आदिलाबाद जिल्हा निजामाचा, पलीकडचा चांदा इंग्रजांच्या मध्य प्रांताचा. त्यामुळे चांद्याचं लाकूड आणायचं तर वाटेत निजामाचं करोडगिरीचं, म्हणजे जकातीचं नाकं, आणि पैसेही दोन जातीचे. पलीकडे कलदार, अलीकडे हाली. शंभर कलदारला एकशे सोळा रुपये दहा आणे आठ पै हाली. व्यापाऱ्यांनी ते सोपं करून टाकलं होतं: सात हाली म्हणजे सहा कलदार. निजामाची सत्ता सप्टेंबर १९४८ मध्ये गेली, १९५० पासून कलदार आला, पण जुन्या माणसांच्या पेट्यांतून अजून हाली निघतो. वसुलीला गेलात की तो पुढं करतात आणि तुम्ही तोंडी सातास सहा करता. तुम्हाला माहीत आहे की १९५९ मध्ये हा पैसा कायमचा बाद होणार. मालकांना सांगून पाहा. ते म्हणतील, “तीन वर्षं आहेत की मग. घ्या येतोय तोवर.”

भविष्य माहीत असण्याचा वखारीत हा एवढाच उपयोग. पुढच्या एप्रिलपासून आणे जाऊन नवे पैसे येतील हे तुम्हाला ठाऊक आहे, १९५८ पासून मीटर-किलो येतील हेही. कुणाला सांगणार? आणि गंमत अशी की सगळं बदलेल, पण घनफूट राहील. तुमच्या काळातही सागाचा भाव विचारा, तो घनफुटातच सांगतील, आणि प्लायवुड आठ बाय चारच्या फुटांतच मिळेल. सरकारनं कायदा केला म्हणून सुताराच्या डोळ्यातलं माप बदलत नाही.

उद्याच्या बदलानं मात्र मालकांची झोप उडालीय. आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका उद्यापासून मुंबई राज्यात, किनवटही तिकडंच. बाकीचा आदिलाबाद आंध्र प्रदेशात. पलीकडचा चांदा मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात. म्हणजे ज्या जंगलाचे आजवर दोन मालक होते, त्याचे उद्याही दोनच, फक्त सीमा दुसरीकडून. मालकांनी राजुऱ्याकडच्या एका कूपाच्या, म्हणजे तोडीला काढलेल्या जंगलाच्या तुकड्याच्या लिलावात अनामत भरलीय. पैसे हैदराबादच्या जंगल खात्याकडं, झाडं उद्यापासून मुंबईच्या ताब्यात. सकाळपासून तिसऱ्यांदा ते विचारतात, “अनामत कोण परत देणार हो?” तुम्ही सांगता की पुनर्रचना कायद्याच्या ११९ व्या कलमात जुने कायदे त्या त्या मुलखात चालू राहतील असं लिहिलंय. मालक मान डोलावतात. “कलम राहील. कारकून राहील का?”

हा प्रश्न फाटकातूनच आत येतो. महसूल खात्यातले एक मराठी कारकून, पन्नाशीचे, छत्री काखेत. त्यांचं घर इथून दोन गल्ल्या सोडून, जोत्यावर आलंय. महिन्यापूर्वी त्यांनी मुख्य दाराची चौकट सांगितली होती, सात फूट बाय चार फूट, पाच बाय चार इंचांची, वर गणेशपट्टी. दोन उभे, दोन आडवे, मिळून बावीस फूट लांबीचा माल. वीस चौरस इंचांनी गुणून १४४ नं भागलं की तीन घनफुटांच्या किंचित वर. साठ रुपये आगाऊ दिलेत. चौकट कालच तयार झालीय. मधल्या गोलात गणपती, दोन्ही बाजूंना वेल, सुतारानं खिळा न मारता खाचेत खाच बसवून लाकडी खुंट्या ठोकल्यात.

कारकून चौकटीवर हात फिरवतात. मग सांगतात, “माझं वाटप औरंगाबादला झालं.”

या वाटपाचं आज शहरभर कानावर येतंय. राज्य तीन तुकड्यांत गेलं की सरकारी माणसंही भाषेप्रमाणे तीन ढिगांत. मराठी मुंबई राज्याकडं, कानडी म्हैसूरकडं, तेलुगू आंध्रकडं. विवेक वर्धिनी शाळा १९०७ पासून इथं आहे, लोकांच्या मुली इथं दिल्यात, ईसामिया बाजारातलं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे; व्यापारी आणि मास्तर कुठं जाणार, ते राहतील. नोकरीतल्यांना तो पर्याय नाही. आणि मला वाटतं, मराठवाडा बाकीच्या मराठी मुलखाला जोडला गेला याच्या आनंदात आपण या माणसांचा हिशेब कधी नीट मांडलाच नाही. ज्यांनी तीस वर्षं उर्दूत फायली लिहून या शहरात जोतं बांधलं, ते जोतं विकून गेले.

“प्लॉट जाईल कुणालाही,” कारकून म्हणतात. “ही घेता का परत? साठ मिळाले तर बदलीच्या सामानाला होतील.”

वखारीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे. कापलेल्या लाकडाची आगाऊ रक्कम परत नाही, कारण मापाचं लाकूड दुसऱ्याच्या भिंतीत बसत नाही. तुम्ही मालकांकडं बघता. मालक जमिनीकडं बघतात. म्हणजे सोय तुम्ही लावायची.

आता कामाला लागा. गेल्या आठवड्यात कोण चौकट विचारून गेलं होतं? उस्मानियात शिकवणारे एक तेलुगू गृहस्थ. त्यांना सगळे पंतुलुगारू म्हणतात. घर विद्यानगरच्या बाजूला, १९३९ मध्ये उघडलेल्या त्या गुलाबी दगडाच्या आर्ट्‌स कॉलेजवर सायकलनं जाता येईल असं. कार्तिकात त्यांचा द्वारबंधाचा मुहूर्त. पोऱ्याला सायकलवर पिटाळता. कारकुनांना बाकावर बसवून चहा मागवता.

पंतुलुगारू येतात, सोबत मिस्त्री. चौकट आडवी पाडून तुम्ही नुसते बाजूला उभे राहता. चांगला माल दाखवताना बोलायचं नसतं. ते बोटांच्या पेरांनी ठोकतात, पांढरं लाकूड कुठं राहिलंय का बघतात, वास घेतात. गणपती बघून त्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुती जराशी सैल होते, आणि तुम्हाला कळतं की निम्मा सौदा झाला. त्यांच्याकडं दारावर गजलक्ष्मी जास्त चालते, पण विनायकाला नाही कोण म्हणणार?

“एंत?” 

तुम्ही भाव सांगता. “चाला एक्कुवा,” ते म्हणतात. फार होतात. ते म्हणणारच. घासाघीस सुरू होते, पण अडतं वेगळ्याच जागी. त्यांच्या भिंतीत फट सोडलीय तीन फूट दहा इंचांची. चौकट चार फुटांची.

मिस्त्री ओळंबा खिशात टाकत म्हणतो, “दो इंच दीवार छील देंगे साब. फिकर नक्को.”

“आणि आयम?” पंतुलुगारू विचारतात.

याला मात्र उत्तर नाही. दाराच्या लांबीरुंदीचा शास्त्रातला हिशेब त्यांना सिद्धांतींकडून, म्हणजे ज्योतिष्यांकडून पडताळून घ्यायचाय. माप शुभ पडलं नाही तर गणपती असूनही चौकट अशुभ. तुमच्याच सुतळीनं ते चौकट मोजतात, दोन गाठी मारतात आणि सुतळी खिशात घालून सिद्धांतींकडं निघतात. तुमची मापाची सुतळी गेली. मुनीम हसू दाबतो.

मधल्या वेळात गिऱ्हाइकं थांबत नाहीत. एका कंत्राटदाराला सेंटरिंगच्या बल्ल्या हव्यात आणि सिमेंट हवंय. बल्ल्या घ्या, सिमेंट कुठून आणू? जुलैपासून सिमेंटचं वाटप दिल्लीच्या स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनकडं गेलंय. परमिटाशिवाय पोतं हलत नाही, आणि गेल्या डिसेंबरात नेहरूंनी ज्याचा पाया घातला ते नागार्जुनसागर धरण उभं राहायला लागलं की इथल्या घरांना काय उरणार? “चुना वापरा,” तुम्ही सांगता. चुन्याची घाणी अजून बैलावर फिरतेय, आणि साडेतीनशे वर्षांचा चारमिनार चुन्यातच उभा आहे. कंत्राटदाराला चारमिनाराचा दाखला नको असतो, तारीख हवी असते. शहाबादी फरशी मात्र हवी तेवढी. ती गुलबर्ग्याकडून येते आणि गुलबर्गा उद्या म्हैसूरमध्ये जातोय, पण कंत्राटदारानं अजून हे मनात आणलेलं नाही. तुम्हीही आठवण देत नाही. फरशी आज विकून टाका.

कारकून बाकावर बसून हे ऐकतायत. ते विचारतात, “औरंगाबादला साग मिळतो ना चांगला?”

“मिळतो की. आम्हीच पाठवू,” मालक पहिल्यांदाच तोंड उघडतात. “छोटी लाइन काचीगुड्याहून थेट औरंगाबादला जाते. राज्य कुठलंही असो, गाडी तीच.”

बोलणं दिलाशाचं नाही, धंद्याचं आहे, हे तुम्ही ओळखता. बदली झालेला मराठी माणूस तिकडं कधीतरी घर बांधणार, आणि औरंगाबादेत त्याला ओळखीचा वखारवाला असणार नाही. आज साठ रुपये रोख परत केले तर गिऱ्हाईक तुटलं. साठ रुपये जमा ठेवून घेतले तर ते सरहद्दीपलीकडंही तुमचंच. उधारी-जमेनं बांधलेलं गिऱ्हाईक दूर गेलं तरी जात नाही, हे मालकांनी कुठं वाचलेलं नाही. या जंगलाचं लाकूड पुढंही असंच सीमा ओलांडत राहणार आहे. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी बल्लारपूरहून साग निघेल आणि ती दारं घडवून देणारी कंपनी हैदराबादची असेल, हे तुम्ही मालकांना सांगू शकला असता. त्यांनी एवढंच विचारलं असतं, की पैसे आगाऊ होते का.

पण कारकुनांना रोखच हवेत. सामानाचे पेटारे, चार माणसांची तिकिटं. ते नजर उचलत नाहीत, तेव्हा मालकही जास्त ताणत नाहीत. “गारू आले तर देऊ,” म्हणतात.

गारू येतात, दीड तासानं, कपाळाला ताजं कुंकू लावून. माप चालतं. उंची मात्र अर्धा इंच कमी करायचीय. तेवढी खालून, उंबऱ्याच्या बाजूनं. तुम्ही सुताराला हाक मारता. तो रंधा घेऊन बसतो, पातळ, कुरळ्या पट्ट्या उडायला लागतात, आणि कारकून बाकावरून उठून जवळ येऊन उभे राहतात. त्यांच्या दाराचा अर्धा इंच भुशात पडतोय. सुतार थांबून म्हणतो, “काका, बाजूला व्हा जरा, उजेड अडतोय.”

पंतुलुगारू पैसे मोजतात. निम्मे कलदार, निम्मे हाली, सासऱ्यांच्या पेटीतले. पस्तीस हालीचे तीस झाले, हे तुम्ही मोजायच्या आधी तेच सांगतात. मुनीम गल्ल्यातून साठ कलदार वेगळे काढून कारकुनांच्या हातात देतो आणि पावतीवर सही मागतो. ते उर्दूत सही करतात. सवयीनं. पंतुलुगारू त्यांना विचारतात, दखनीत, की गणपती कुणाकडून कोरून घेतला. दोघं तिथंच उभे राहून सुताराशी वेलीबद्दल बोलायला लागतात, आणि तुम्हाला थांबायला वेळ नसतो, कारण चार वाजून गेलेत.

काचीगुड्याला माल पोचवायचाय. नांदेडच्या एका जिनिंगसाठी चारमिनार छाप ॲस्बेस्टॉसचे पत्रे, सनतनगरच्या कारखान्यातून कालच उचललेले. मालकांचा हट्ट की ते आजच्या तारखेत बुक झाले पाहिजेत. उद्या नांदेड परराज्य. विक्रीकराचा १९५० चा कायदा कागदावर तसाच राहणार असला तरी नाक्यावरचा शिपाई काय समजेल कोण जाणे. दोन बंड्या जोडून तुम्ही बरकतपुऱ्याच्या अंगानं निघता. रस्त्यात कमानी बांधायचं काम चाललंय, नेहरू उद्या येणार आहेत. कमानीला बांबू कमी पडतोय आणि एक माणूस तुमच्या बंडीकडं आशेनं बघतो. बांबू नाहीत बाबा, पत्रे आहेत.

काचीगुड्याच्या मालधक्क्यावर गर्दी आहे. १९१६ चं स्टेशन, निजामाच्या रेल्वेचं, पाच वर्षांपासून सेंट्रल रेल्वेचं. गुड्स क्लार्क तुमचा फॉर्म घेतो, वजन बघतो, पत्रे मोजायला हमाल पाठवतो.

“वाघिणी शनिवारी,” तो सांगतो.

“आज तारीख टाकून घ्या ना.”

“माल घेतला त्या दिवशीची तारीख. दिवाळीत वाघीण नाही.” तो तुमच्याकडं न बघता दुसऱ्याचा फॉर्म ओढतो.

पत्रे धक्क्यावर उतरवून घेता, ताडपत्री टाकता, हमालाला दोन आणे देऊन लक्ष ठेवायला सांगता. वखारीत परतता तोवर दिवे लागलेत. पंतुलुगारूंची चौकट बंडीवर चढलीय, मिस्त्री दोरी आवळतोय. मालक नव्या वह्या पुढ्यात घेऊन बसलेत, परवा पूजेला लागणार म्हणून. तुम्ही सांगता की पत्रे शनिवारी निघतील, म्हणजे आंध्र प्रदेशातून मुंबई राज्यात.

मालक क्षणभर विचार करतात.

“शनिवारपर्यंतचं डॅमरेज कुणाच्या अंगावर?” ते विचारतात. “नांदेडवाल्याला आजच तार करा.”